पाच केव्हीचा आयजीबीटी स्विच: आठ जणांना एकाच क्षणी उठवायचं कसं

सांगली-सातारा पट्ट्यात पल्स पॉवरचा, म्हणजे साठवलेली वीज क्षणात सोडण्याचा, प्रयोग म्हटलं की पहिली कल्पना बहुधा उसाच्या रसाची निघते: रस न उकळता, काही मायक्रोसेकंदांच्या तीव्र विद्युत क्षेत्राने जिवाणू मारायचे. कुणाला प्लाझ्मा करायचा असतो, कुणाला फक्त चौकोनी पल्स पाहायचा असतो. काम कुठलंही असो, कपॅसिटरमध्ये भरलेले पाच हजार व्होल्ट ठरल्या क्षणी लोडवर टाकून ठरल्या क्षणी तोडणारा स्विच लागतो. हे काम आयजीबीटी नावाचा मोठ्या व्होल्टेजचा ट्रान्झिस्टर करतो, पण पाच केव्हीचा (पाच हजार व्होल्टचा) एकच आयजीबीटी आपल्याकडच्या दुकानात मिळत नाही. बाराशे व्होल्टचा मात्र इंडक्शन शेगडी दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाच्या डब्यात असतो. तेच आठ एकामागे एक लावून हा स्विच होतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. असा स्टॅक एकूण व्होल्टेजने क्वचित मरतो, तो मरतो वाटणी चुकल्याने. आठातले सात चालू झाले आणि एक शंभर-दोनशे नॅनोसेकंद मागे राहिला, तर सगळा भार त्या एकट्यावर येतो. पुढची सगळी जोडणी या एका भांडणाचा निकाल लावण्यासाठी आहे.

आकडे आधी, सोल्डरिंग नंतर

लक्ष्य असं: ५ केव्ही, २० अँपिअर, ५ मायक्रोसेकंद, सेकंदाला जास्तीत जास्त १० पल्स. एकूण लोड २४८ ओहम. त्यातले ६८ ओहम कायम कपॅसिटरला लागून बसवायचे आणि १८० ओहम तुमच्या प्रयोगाचे.

हे ६८ ओहम चैन म्हणून नाहीत. रस तापला की त्याचा रोध उतरतो, आणि सेलमध्ये बुडबुडा अडकला तर ठिणगी पडून सेल सरळ शॉर्ट होतो. तेव्हा प्रवाह अडवायला हेच उरतात. ५००० भागिले ६८ म्हणजे ७३ अँपिअर. त्यात स्नबरचे (प्रत्येक आयजीबीटीला समांतर बसणारी कपॅसिटर-रेझिस्टरची जोडी, पुढे येते) १४ मिळवा, ८७ झाले. एफजीए२५एन१२०एएनटीडी या आयजीबीटीची पल्स मर्यादा ९० अँपिअर आहे. म्हणजे जेमतेम, पण आत.

आठ नग, प्रत्येकी १२०० व्होल्ट, मिळून ९६००. आपण ५००० वापरतोय, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ६२५ व्होल्ट. निम्म्याच्या आसपास राहायचं, हा नियम नवख्याने मोडू नये.

ऊर्जा साठवायला २.२ मायक्रोफॅरड, १२०० व्होल्ट डीसीचे पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर सहा सिरीजमध्ये. मिळून ०.३७ मायक्रोफॅरड आणि पूर्ण भरल्यावर ४.६ ज्यूल. एका पल्सला १०० मायक्रोकूलंब जातात, त्यामुळे पल्सच्या शेवटी व्होल्टेज सुमारे २७० ने खाली येतं. पाच टक्क्यांची ही उतरण बहुतेक प्रयोगांना चालते. फॅनचे किंवा मोटरचे एसी कपॅसिटर इथे लावू नका.

प्रत्येक कपॅसिटरवर १ मेगओहम, अर्धा वॉटचे तीन रेझिस्टर सिरीजमध्ये. एकच ३.३ मेगओहम का नाही? कारण रेझिस्टरला वॉटप्रमाणे व्होल्टची मर्यादाही असते. अर्ध्या वॉटच्या साध्या रेझिस्टरला ती ३५० च्या आसपास असते आणि इथे एका कपॅसिटरवर ८३३ व्होल्ट आहेत. वॉटचा हिशेब बरोबर आणि व्होल्टचा विसरला, ही चूक फार जण करतात. तो रेझिस्टर जळत नाही, हळूहळू त्याची किंमत बदलते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. या साखळीमुळे वीज बंद केल्यावर कपॅसिटर अर्ध्या मिनिटात पन्नास व्होल्टच्या खाली येतात. साखळी शाबूत असेल तर.

जीव वाचवण्याची जोडणी

४.६ ज्यूल ऐकायला किरकोळ वाटतात. पाच केव्हीवर छातीतून गेले तर जीव जाऊ शकतो. घरच्या बोर्डातला आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) इथे कामाचा नाही, कारण त्याला ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा धक्का दिसतच नाही.

सप्लाय २ मिलिअँपिअरवर स्वतःच थांबणारा हवा. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. तो दोन केव्हीवर शेकडो मिलिअँपिअर देतो, आणि त्याला हात लावणाऱ्याला दुसरी संधी मिळत नाही. सप्लाय आणि कपॅसिटर यांच्यामध्ये १०० किलोओहम टाका: १० किलोओहम, २ वॉटचे दहा सिरीजमध्ये.

सगळी मांडणी अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत ठेवा. झाकणाला मायक्रोस्विच बसवा, झाकण उघडलं की सप्लाय तुटला पाहिजे. शॉर्टिंग काठी म्हणजे मीटरभर पीव्हीसी पाइप, टोकाला तांब्याचा हुक, हुकाला वेणीची वायर आणि वायरचं दुसरं टोक अर्थला. काठ्या दोन हव्यात. पहिलीत १ किलोओहम, ती आधी टेकवायची म्हणजे ठिणगी उडत नाही. दुसरी सरळ तांब्याची, ती कपॅसिटरवर लावून तशीच सोडायची. फिल्म कपॅसिटर रिकामा केल्यावर काही मिनिटांत स्वतःहून थोडा पुन्हा भरतो, म्हणून "आत्ताच तर शॉर्ट केला" या वाक्याला इथे किंमत नाही.

अर्थिंगची खात्री करून घ्या. जुन्या वाड्यात थ्री-पिनची तिसरी वायर कित्येकदा कुठेच गेलेली नसते. सांगलीत कृष्णाकाठच्या काळ्या मातीत अर्थ-पिट सहसा बरा लागतो. साताऱ्याच्या मुरमाड उतारावर तोच उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. आणि एकट्याने काम करायचं नाही. दुसरा माणूस मेन स्विचच्या हाताच्या अंतरावर उभा हवा.

वेचणी

बारा आयजीबीटी आणा आणि त्यातले आठ निवडा. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. पण काढलेले, पाय चकाकवून पुन्हा विकलेले नगही तिथेच मिळतात. तपासणी सोपी आहे. आयजीबीटीला तीन पाय: प्रवाह कलेक्टरमधून शिरून एमिटरमधून बाहेर पडतो आणि गेट त्याला चालू-बंद करतो. गेट आणि कलेक्टर एकत्र जोडा, १२ व्होल्टवरून १ किलोओहममधून प्रवाह सोडा आणि कलेक्टर-एमिटरवरचं व्होल्टेज मोजा. हा आकडा म्हणजे गेटच्या उंबरठ्याचा अंदाज. बारापैकी जे आठ एकमेकांच्या ०.२ व्होल्टच्या आत आहेत तेच घ्या. एखादा दीड व्होल्टने वेगळा निघाला तर तो बहुधा दुसऱ्याच लॉटचा, किंवा दुसऱ्याच घराण्याचा. हाताच्या उबेने आकडा हलतो, म्हणून नग टेबलावर ठेवून मोजा.

एक पायरी नीट बनवा, मग तिच्या आठ प्रती

प्रत्येक आयजीबीटीला स्वतःचा छोटा बोर्ड. आठही बोर्ड हुबेहूब सारखे हवेत, ट्रॅकची लांबीसुद्धा. बोर्डावर चार गोष्टी येतात.

पहिली, बंद असताना व्होल्टेज सारखं वाटून घेण्यासाठी कलेक्टर-एमिटरवर ३३० किलोओहमचे तीन सिरीजमध्ये. आठ पायऱ्यांतून मिळून ०.६ मिलिअँपिअर सतत वाहतो. म्हणजे हा स्विच "बंद" असला तरी लोड मोकळा झालेला नसतो, हे विसरू नका.

दुसरी, स्नबर. १० नॅनोफॅरड, १६०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर कलेक्टर-एमिटरवर, त्याच्या सिरीजमध्ये २२ ओहम २ वॉटचे दोन, आणि त्या दोघांना समांतर यूएफ४००७ डायोड. डायोडचा अ‍ॅनोड कलेक्टरकडे, कॅथोड कपॅसिटरकडे. १० नॅनोफॅरड कुठून आले? मागे राहिलेल्या पायरीवर चढणारं जादा व्होल्टेज म्हणजे प्रवाह गुणिले उशीर भागिले कपॅसिटर. २० अँपिअर, ५० नॅनोसेकंद, १० नॅनोफॅरड: उत्तर १०० व्होल्ट. ६२५ मध्ये १०० मिळवले तरी आपण सुखात. हाच कपॅसिटर १ नॅनोफॅरडचा लावला तर उत्तर १००० येतं आणि आयजीबीटी गेला. डायोड विसरलात तर बंद होताना २० अँपिअर ४४ ओहममधून जातील आणि एका झटक्यात ८८० व्होल्ट उभे राहतील. स्नबर असून नसल्यासारखा. डायोडच्या जागी साधा १एन४००७ चालत नाही, तो सावकाश आहे.

स्नबरची किंमतही मोजावी लागते. आठ कपॅसिटर सिरीजमध्ये मिळून १.२५ नॅनोफॅरड होतात, ते २४८ ओहममधून भरायला वेळ घेतात, म्हणून पल्सची मागची कड सुमारे ०.७ मायक्रोसेकंदांची होते. ती आणखी उभी हवी असेल तर नग अधिक काटेकोर वेचून कपॅसिटर कमी करायचा. पहिल्या स्टॅकवर तो मोह नको.

तिसरी, शेवटची भिंत: १.५केई४४०ए हे दोन टीव्हीएस (जादा व्होल्टेज आलं की ते स्वतःवर घेणारे डायोड) सिरीजमध्ये, कलेक्टर-एमिटरवर. ते ८३६ व्होल्टच्या खाली जागे होत नाहीत. रोजच्या कामात ते तापत असतील तर वाटणी बिघडली आहे. मोठे टीव्हीएस लावून ती सुधारत नाही.

चौथी, गेट. इथे थोडं थांबायला हवं.

गेटला धक्का देणारा ट्रान्सफॉर्मर

सगळ्यात वरच्या आयजीबीटीचा एमिटर जमिनीपासून चार केव्हीहून वर तरंगतो. त्याच्या गेटला १५ व्होल्ट द्यायचे, तेही इतर सात जणांबरोबरच. ऑप्टोकपलर (प्रकाशाने इशारा पोचवणारी चिप) आणि प्रत्येकाला वेगळा सप्लाय हा एक मार्ग, पण स्वस्त डीसी-डीसी मॉड्यूलचं इन्सुलेशन या कामाचं नसतं आणि प्रत्येक ऑप्टोचा उशीर वेगळा असतो. त्याहून साधा आणि भरवशाचा मार्ग: आठ फेराइट रिंगा आणि त्यांतून आरपार गेलेली एकच वायर. एकच वायर असल्याने सगळ्या रिंगांना तोच प्रवाह, त्याच क्षणी मिळतो. एकाच क्षणी उठवण्याचं काम तारच करते.

रिंग साधारण २५ मिलिमीटर व्यासाची, १० उंचीची, एन८७ किंवा तत्सम पॉवर फेराइटची. पिवळी-पांढरी आयर्न पावडरची रिंग चालत नाही. प्रत्येक रिंगेवर १० वेढे. छेद ५१ चौरस मिलिमीटर धरला, सेकंडरीवर, म्हणजे या वेढ्यांवर, १८ व्होल्ट आणि ४.८ मायक्रोसेकंद धरले, तर चुंबकीय क्षेत्र ०.१७ टेस्लाने हलतं. एकाच दिशेच्या पल्ससाठी एवढं ठीक आहे.

आरपार जाणाऱ्या वायरचं इन्सुलेशन पूर्ण पाच केव्ही झेलणार आहे. ऑटोपार्टच्या दुकानातली प्लगची एचटी वायर इथे उत्तम, पण तांब्याची तार असलेली मागा. हल्लीच्या बऱ्याच प्लग वायरींत कार्बनचा गाभा असतो, त्याला मीटरने मोजलं तर काही किलोओहम येतात. ती वायर लावलीत तर गेटवर काहीच दिसणार नाही आणि दोन संध्याकाळी वाया जातील.

गेटकडे सिरीजमध्ये २.२ ओहम. गेट-एमिटरच्या पायांना चिकटून १५ व्होल्ट १ वॉटचे दोन झेनर पाठीला पाठ लावून, आणि त्यांना समांतर १०० ओहम.

या १०० ओहमची जागा नीट समजून घ्या, कारण अनेक सर्किटांत तिथे सवयीने १ किलोओहम लावलेला असतो. पल्स संपला की रिंगेतला साठा गेटला उणे पंधरावर खेचतो आणि आयजीबीटी चटकन बंद होतो. हे हवंच आहे. मग साठा संपतो आणि वेढ्यांचा २३५ मायक्रोहेन्री नि गेटचे साडेतीन-चार नॅनोफॅरड एकमेकांशी झोके खेळू लागतात. १ किलोओहम असेल तर तो झोका उलट बाजूला अधिक दहा व्होल्टपर्यंत जातो. स्टॅक पुन्हा चालू! खऱ्या पल्सनंतर सात-आठ मायक्रोसेकंदांनी कुणी न मागितलेला दुसरा पल्स. तंबोऱ्याची तार मिरजेत घुमत राहिली तर ऐकत बसावं, गेटवर घुमली तर आधी ती बंद करावी. १०० ओहमने झोका दबतो आणि गेटच्या उंबरठ्यापर्यंत, म्हणजे साडेतीन व्होल्टच्या वर, पोचत नाही.

प्रायमरीची, म्हणजे आरपार वायरीची, बाजू: २४ व्होल्ट, त्यावर १०० मायक्रोफॅरड लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) आणि १ मायक्रोफॅरड फिल्म, मग १ ओहम ५ वॉट, मग आरपार वायर, मग आयआरएफ५४० हा मॉसफेट जमिनीला. त्याच्या ड्रेन-सोर्सवर १.५केई६८ए. आयआरएफ५४० च्या गेटला टीसी४४२० ही ड्रायव्हर चिप, १२ व्होल्टवर. वायरचा फास शक्य तितका चपटा ठेवा, परतीची वायर जाणाऱ्या वायरीच्या अगदी जवळून आणा. फास पसरला की प्रवाह चढायला वेळ लागतो, आणि गेट जितकं सावकाश चढेल तितका आठ जणांतला फरक वाढतो.

पल्सची लांबी संगणकावर किंवा बटणावर सोडू नका. ट्रिगर लांबला तर रिंग सॅच्युरेट होते (आणखी चुंबकीय क्षेत्र घेऊ शकत नाही), गेट हळूहळू खाली येतं आणि आयजीबीटी अर्धवट उघडा राहून जळतो. म्हणून टीसी४४२० च्या आधी ७४एचसी२२१, ही ठरल्या लांबीचा एकच पल्स देणारी चिप: ६.८ किलोओहम आणि १ नॅनोफॅरड, पल्स सुमारे ४.८ मायक्रोसेकंद. दुकानदार ७४एचसी१२३ देऊन "एकच आहे हो" म्हणेल. एकच नाही. १२३ ला मध्येच गोंगाटाचा टोला बसला की तो पल्स नव्याने मोजायला लागतो आणि लांबवतो. २२१ तसं करत नाही. आणि पाच केव्ही तुटताना गोंगाट होणारच.

मांडणी

आठ बोर्ड १० मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅक्रिलिक पट्टीवर शिडीसारखे उभे करा. पाच केव्ही आणि जमीन यांच्यात पृष्ठभागावरून किमान ५० मिलिमीटर अंतर. हायलमची (बेकलाइटसारखी) शीट स्वस्त आणि कापायला सोपी, पण ती ओल पिते. जुलैत साताऱ्यात ती मेगओहमच्या साखळीला समांतर दुसरी साखळी बनून बसते. सोल्डरिंगनंतर फ्लक्स आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसून काढा. सोल्डरची टोकं गोल ठेवा, काटे ठेवू नका.

क्रम असा: कपॅसिटरचं पाच केव्हीचं टोक, ६८ ओहम, लोड, वरच्या आयजीबीटीचा कलेक्टर, खाली उतरत शेवटचा एमिटर, जमीन. ६८ ओहमसाठी ६.८ ओहम ३ वॉटचे दहा, डमी लोडसाठी १० ओहम २ वॉटचे अठरा. वायरवाउंड नको, त्यात कॉइल असते.

या मांडणीचा एक धोका चित्रात दिसत नाही. स्विच बंद असताना लोडची दोन्ही टोकं पाच केव्हीवर असतात. दोन पल्समधल्या शांत वेळात रसाचा सेल जमिनीच्या मानाने पूर्ण पाच केव्हीवर असतो. त्यात पंपाने नळीतून रस आणलात तर नळीतला रसच वायर बनतो. सुरुवातीला म्हणून बंद सेल घ्या: रस भरा, पल्स द्या, काठी लावा, रस काढा. दोन मिलिमीटर फटीच्या सेलवर साडेतीन केव्हीच्या थोडं वर पडतं, म्हणजे सेंटिमीटरला १८ केव्ही. सुरुवातीला पुरे.

चाचणी, घाई न करता

उच्च दाब न जोडता आधी फक्त गेट पाहा. ऑसिलोस्कोप एकेका बोर्डावर लावा. आठही चित्रं जवळजवळ सारखी यायला हवीत: पाव ते तृतीयांश मायक्रोसेकंदात चढ, पंधरा-सोळाचं पठार, मग उणे, मग शून्य, पुन्हा वर उसळी नाही. एखाद्यावर चित्र उलटं आलं तर त्या रिंगेचे वेढे उलटे जोडलेत.

मग स्टॅकवर ८० व्होल्ट डीसी. प्रत्येक पायरीवर १० यायला हवेत, पण मीटर ९.२ च्या आसपास दाखवेल. घाबरू नका. मीटरचा स्वतःचा १० मेगओहम त्या पायरीच्या १ मेगओहमला समांतर येतो आणि तिचा वाटा कमी करतो. आठही आकडे एकमेकांशी जुळतात का, एवढंच पाहायचं. एखादी पायरी निम्मीच दाखवत असेल तर तो आयजीबीटी गळतोय, बदला.

त्यानंतर डमी लोड लावून ८०० व्होल्टवर पल्स द्या. दहापट प्रोबने जमिनीपासून पहिल्या कलेक्टरवर १००, दुसऱ्यावर २०० दिसायला हवेत, आणि कडेच्या क्षणीही ते प्रमाण फार मोडता कामा नये. त्यावरच्या पायऱ्यांना हा प्रोब लावू नका. पुढे ५०० च्या टप्प्याने चढा, प्रत्येक टप्प्यावर शंभर पल्स, मग बंद, काठी, आणि सगळ्या टीव्हीएसना हात लावून तापमान. पूर्ण व्होल्टेज पाहायला पल्ससाठी बनवलेला हजारपट प्रोबच लागतो. मीटरला जोडायचा लांब लाल डीसी प्रोब वेगवान कड दाखवत नाही.

प्रवाहासाठी तशाच रिंगेवर ५० वेढे आणि ५ ओहम, जमिनीकडची वायर त्यातून न्या. एक अँपिअरला ०.१ व्होल्ट, म्हणजे २० अँपिअरला दोन.

आणि दर बैठकीनंतर, काठी लावलेली असताना, आठही कलेक्टर-एमिटर मीटरने तपासा. मेलेला आयजीबीटी शॉर्ट होतो, एक ओहमहून कमी दाखवतो. पण स्टॅक तरीही चालत राहतो! उरलेल्या सातांवर ७१४ येतात, तेही सोसतात, आणि पडद्यावरचा पल्स पहिल्यासारखाच दिसतो. दुसरा गेला तर ८३३, आता टीव्हीएस कडेवर आले. तिसरा गेला तर पाच जणांवर हजार-हजार. तेव्हा टीव्हीएस आधी तापतात, मग एकामागोमाग सगळे जातात आणि डब्यात आठ शॉर्ट तुकडे उरतात. पहिला मेलेला सापडला की फक्त तोच बदलून पुढे जाऊ नका. त्याच पायरीचा स्नबर डायोड, गेटचे झेनर आणि रिंगेवरचं सोल्डर आधी पाहा. बहुतेक वेळा त्यातलं एखादं सुटलेलं असतं आणि नवा नगही त्याच जागी त्याच कारणाने जातो.